हंगाम अर्ध्यावर सोडला, तर भरपाई कुणाची?

मंडळी, नातेपुत्यात फुटबॉल प्रशिक्षकांच्या करारांवर बोलायचं म्हटल्यावर 'इथं त्याचा काय संबंध?' हा प्रश्न येणारच. संबंध एका शब्दाचा आहे: हंगाम. आपल्या सदाशिवनगर, माळीनगर, अकलूजच्या पट्ट्यात हंगाम म्हणजे कारखान्याचं गाळप. त्यासाठी माणसं आधी उचल घेतात, मग येतात. मधेच कुणी निघून गेलं की काय गोंधळ उडतो, हे इथं कुणाला सांगायला नको. तोच प्रश्न आज आम्ही आधी गोव्याच्या मैदानावर नेऊन बघणार आहोत, आणि मग परत आपल्याकडे आणणार आहोत.

२०२१ चा डिसेंबर. कोरोनामुळे इंडियन सुपर लीगचा तो सगळा हंगाम गोव्यातच चालला होता. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, एवढीच मैदानं. एफसी गोवाचे प्रशिक्षक होते स्पेनचे हुआन फेरांडो. ऑक्टोबरमध्ये त्यांनी संघाला ड्युरँड कप जिंकून दिलेला, त्यामुळे लोक खूश. तिकडे एटीके मोहन बागानचे प्रशिक्षक अँटोनियो हबास १८ डिसेंबरला पायउतार झाले. आणि २० तारखेला बातमी आली, फेरांडो मोहन बागानकडे! गंमत बघा, माणूस गोवा सोडून कुठंच गेला नाही. फक्त संघ बदलला.

आता तुम्ही म्हणाल, करार होता ना? होता. पण करारातच सुटकेचं कलम होतं. म्हणजे ठरलेली रक्कम कुणी भरली, तर प्रशिक्षक मोकळा. मोहन बागाननं ती भरली. एफसी गोवानं नाराजी बोलून दाखवली, पण अडवायला जागा नव्हती, कारण किंमत त्यांनी स्वतःच लिहून दिली होती. गोव्याचेच डेरिक परेरा यांनी संघ हाती घेतला आणि हंगामाअखेर गोवा नवव्या क्रमांकावर राहिला. पैसे मिळाले, हंगाम गेला. असं नुकसान कोणत्या कलमात बसवणार?

पण गोव्याची बाजू घेताना दोन वर्षं मागंही जायला हवं. ३१ जानेवारी २०२० ला याच क्लबनं सर्जिओ लोबेरा यांना काढलं. साखळीचे तीनच सामने उरले होते आणि संघ वरच्या जागेसाठी झुंजत होता. सूत्रं क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-० असा, आणि साखळीचं विजेतेपद गोव्यानं नेलं. लोबेरा पुढं मुंबई सिटीला गेले आणि २०२०-२१ ला साखळी आणि अंतिम सामना दोन्ही जिंकून बसले! म्हणजे हंगाम मोडतो तो फक्त प्रशिक्षक असं नाही. मालकही मोडतो, आणि आमच्या मते जास्त वेळा तोच मोडतो.

मालकानं मोडलं की भांडण कसं होतं, याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण इगोर स्टिमॅक. भारतीय संघाच्या या क्रोएशियन प्रशिक्षकाचा करार २०२६ पर्यंत होता. विश्वचषक पात्रतेतून संघ बाहेर पडला आणि १७ जून २०२४ ला महासंघानं त्यांना काढलं. महासंघ म्हणाला तीन महिन्यांचा पगार घ्या; ते म्हणाले उरलेल्या कराराचे पैसे द्या, नाहीतर फिफाकडे जातो. शेवटी चार लाख डॉलरवर, म्हणजे साधारण ३ कोटी ३६ लाख रुपयांवर, तडजोड झाली.

ही फिफाची धमकी पोकळ नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांत प्रशिक्षकांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्याचा हिशेब सरळ आहे: सबळ कारणाशिवाय काढलं, तर उरलेल्या कराराचा पगार द्यायचा, आणि त्या काळात दुसरीकडे काम मिळालं असेल तर ती कमाई वजा करायची. मात्र हा दरवाजा वाद आंतरराष्ट्रीय असेल तरच उघडतो. स्टिमॅक तिकडे जाऊ शकतात. गोव्याच्या क्लबशी गोव्याच्याच प्रशिक्षकाचं वाजलं, तर त्याला इथलेच दरवाजे ठोठवावे लागतात.

मुळात माणसाला बळजबरीनं कामावर ठेवता येतं का? लंडनला १८५२ मध्ये योहाना वाग्नर या गायिकेचा खटला गाजला. तिचा करार एका थिएटरशी, आणि जास्त पैशांवर ती दुसऱ्याकडे निघालेली. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की तिला गायला आम्ही भाग पाडू शकत नाही. पण करारात कबूल केल्याप्रमाणे दुसरीकडे गाण्यापासून रोखू शकतो. आपल्याकडेही वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीनं पाळायला लावता येत नाही. भरपाई मागता येते, आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी तो वरची मर्यादा. न्यायालय देणार ते वाजवी तेवढंच.

हे झालं गायिकेचं आणि प्रशिक्षकाचं. मजुराला मात्र याच काळात वेगळा न्याय होता. १८५९ चा तेरावा कायदा. कारागिरानं किंवा मजुरानं आगाऊ पैसे घेतले आणि काम सोडलं, तर मालकानं थेट मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट सांगणार, पैसे परत कर नाहीतर काम कर. ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी! लंडनची गायिका करार मोडून तुरुंगात गेली नाही. इथला मजूर जाऊ शकत होता. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. १९७६ ला वेठबिगारीविरुद्धचा कायदाही आला.

आणि तरी उचलीची वही चालूच आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या जोडीवर. कारखाना किंवा वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळीला. कधी मुकादमच पैसे घेऊन गायब होतो आणि वाहनमालक कर्जात बुडतो, हेही आपण बघतो. त्याची तक्रार खोटी नाही. पण टोळीचं बघा. फेरांडोंच्या सुटकेची रक्कम नव्या क्लबनं भरली, आणि त्यातला एक रुपयाही फेरांडोंच्या नावावर चढला नाही. इथं नव्या मुकादमानं जुन्याची बाकी चुकती केली, तर ती नव्या वहीत त्याच कोयत्याच्या नावावर येते. हंगाम संपला तरी फिटली नाही, तर पुढच्या दसऱ्याला तिथूनच सुरुवात.