कल कोणाचा, गरज कोणाची

मागच्या दिवाळीत धरणगावला मामाकडे गेलो होतो. लोखंडी कपाट आवरताना मामीने एक प्लास्टिकची पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "यातलं ठेवायचं काय, फेकायचं काय ते बघ." रेशनकार्डाच्या झेरॉक्स, विम्याच्या पावत्या, मामेभावाची दहावीची मार्कशीट आणि तिला टाचलेला त्याचा कल चाचणीचा अहवाल. साल २०१९. त्यावर त्याचा कल छापलेला होता: तांत्रिक.

तो कागद बघून मला कसंतरीच झालं. कारण दोन वर्षांनी त्या कागदाचा अर्थ मीच लावला होता.

२०२१ची गोष्ट. कोरोनामुळे मी गावी बसून काम करत होतो. आयटीत तेव्हा अशी भरती चालू होती की टीममधलं कोणी ना कोणी दर महिन्याला जास्त पगारावर उडी मारायचं. मामेभाऊ बारावी झाला होता. त्याचा सगळा जीव मोटारींत. शेतातली मोटार जळाली की शाळा बुडवून हा रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचा. त्याला आयटीआय करायचं होतं, इलेक्ट्रिशियनचं. मामा अहवाल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तूच सांग रे भो, आम्हाला काय कळतं त्यातलं."

मी म्हटलं, "तांत्रिकच आलंय ना? मग कॉम्प्युटर घेऊ द्या. दहा वर्षं मरण नाही."

२०२५ मध्ये तो इंजिनिअर झाला. तोवर कंपन्यांनी फ्रेशर्सची भरती आखडती घेतली होती. पोरगं घरी.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय. पोरांनी काय व्हावं हे आपल्याकडे कोण ठरवत आलं? आणि ठरवणाऱ्याचा अंदाज चुकला, तर किंमत कोणी भरली? हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. धरणगाव म्हटलं की लोकांना बालकवी आठवतात, कारण त्यांचा जन्म इथला. पण सरकारने माणसं हेरून त्यांना ठरवून कामाला लावण्याचा एक मोठा प्रयोगही याच गावात झाला होता, दोनशे वर्षांपूर्वी.

पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल त्यांना आवरेनात. काही वर्षं फौजा पाठवून झाल्या. शेवटी मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात धोरण बदललं. १८२५ मध्ये दोन वाटा काढल्या. एक, भिल्ल एजन्सी: डोंगरातून खाली येणाऱ्यांना माफी, जमीन आणि तगाई देऊन शेतीला लावायचं. दुसरी, भिल्ल पलटण: जे लढतात त्यांनाच पगार आणि गणवेश देऊन सरकारच्या बाजूने उभं करायचं. या पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. ती उभारणारा जेम्स औट्रम तेव्हा बावीस वर्षांचा होता. आज त्या वयात आपण कॅम्पस मुलाखतीला टाय बांधून उभे असतो.

भरतीला सुरुवातीला माणसं मिळेनात. औट्रम भिल्लांसोबत शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, मग हातावर मोजण्याइतके लोक आले आणि त्यांच्यामागून बाकीचे. सरकारच्या दृष्टीने हा प्रयोग इतका यशस्वी झाला की पुढे औट्रमच्या प्रत्येक चरित्रात त्याचं कौतुक येतं.

आता हाच प्रयोग दुसऱ्या टोकाकडून बघा. वाटा दोनच होत्या, नांगर किंवा बंदूक. दोन्ही सरकारच्या गरजेतून आलेल्या, एक महसुलासाठी आणि दुसरी बंदोबस्तासाठी. जंगलात राहणाऱ्या माणसाला जे येत होतं त्याला त्या यादीत रकानाच नव्हता. आणि १८५७-५८ मध्ये भिल्ल पुन्हा उठले, तेव्हा त्यांच्यावर पाठवलेल्या फौजेत ही भिल्ल पलटणही होती. समोर उठावाचा एक म्होरक्या होता खाज्या नाईक. त्याला आधी कंपनीनेच सेंधव्याच्या घाटाच्या राखणीला नेमलं होतं. म्हणजे सरकारने कामाला लावलेली माणसं दोन्ही बाजूंना. पुढे १८७१च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांचं 'करिअर' पाळण्यातच लिहून झालं.

मामेभावाच्या अहवालात सात क्षेत्रं होती: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. पहिलं आणि शेवटचं वाचलं की मला १८२५ आठवतं.

आपण आज ज्याला करिअर मार्गदर्शन म्हणतो, ते मात्र वेगळ्या गावात जन्मलं. अमेरिकेत बॉस्टनला फ्रँक पार्सन्स नावाचा माणूस होता. शिक्षणाने इंजिनिअर, पुढे वकील. शहरात कामाच्या शोधात आलेली गरीब आणि स्थलांतरित घरांतली पोरं मिळेल त्या कामाला चिकटतात, हे त्याने बघितलं आणि १९०८ मध्ये त्यांच्यासाठी एक ब्युरो काढला. त्याच वर्षी तो वारला. त्याचं पुस्तक १९०९ मध्ये मरणोत्तर आलं. त्याचं सूत्र साधं होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची खरी माहिती घ्या आणि दोन्हीचा मेळ नीट विचार करून घाला. दुसऱ्याने कोणासाठी व्यवसाय ठरवू नये, ठरवायला मदत करावी, अशी त्याची भूमिका होती. मी मामाला सल्ला दिला तेव्हा यातलं पहिलं मी विचारलं नव्हतं, दुसरं अर्धंच सांगितलं होतं आणि तिसरं पोराच्या वतीने मीच उरकलं होतं.

आपल्याकडे ही कल्पना आधी कलकत्त्यात आणि मुंबईत रुजली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचा खाजगी ब्युरो निघाला, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचा, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचा. पण गावोगावच्या माणसाला जे ठाऊक झालं ते सेवायोजन कार्यालय, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. ते सुरू झालं जुलै १९४५ मध्ये, आणि बेकार तरुणांसाठी नाही, तर महायुद्ध संपत आल्यावर सुटणाऱ्या सैनिकांचं पुनर्वसन करायला. फाळणीनंतर त्यात निर्वासित आले आणि मग सगळ्यांनाच दार उघडलं. इथेही सुरुवात गणवेशापासूनच.

पुढे देशाने नियोजन हाती घेतलं. १९५२ मध्ये नेमलेल्या शिवराव समितीने या कार्यालयांनी नुसती नावं न नोंदवता तरुणांना व्यवसायाची माहिती आणि सल्लाही द्यावा असं सुचवलं. १९५८ मध्ये देशातल्या कामांचं राष्ट्रीय वर्गीकरण तयार झालं, प्रत्येक कामाला एक क्रमांक. २०१५च्या आवृत्तीत हे क्रमांक आठ आकडी आहेत. सॉफ्टवेअरवाल्याला असली यादी बघून बरं वाटतं, सगळं जग एका टेबलात. १९५९ मध्ये कायदा आला: पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनीसुद्धा रिकाम्या जागा कार्यालयाला कळवायच्या. कळवायच्या फक्त. माणूस तिथूनच घ्यायची सक्ती कायद्यात नव्हती.

माझ्या बाबांकडे त्या कार्यालयाचं कार्ड अजून आहे. घडीवर फाटलेलं, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेलं. नोकरी त्यांना शेवटी ओळखीतून लागली. पण कार्ड त्यांनी फेकलं नाही. पुढे या कार्यालयाची पाटी बदलत गेली: रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, मग कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. देण्यासारख्या नोकऱ्या आटत गेल्या तसं पाटीवर 'मार्गदर्शन' चढलं, असं मला वाटतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आणलं आणि रांग मोबाइलमध्ये गेली.

पण खरी अडचण पाटीची नाही, अंदाजाची आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मोठे कारखाने, धरणं आणि वीजकेंद्रं आखली गेली. त्यांना इंजिनिअर लागणार म्हणून कॉलेजं आणि जागा वाढवल्या. पोरांना सांगितलं, देशाला तुमची गरज आहे. मग दुष्काळ पडले, योजना रखडल्या, १९६६-६७ ची मंदी आली. साठच्या दशकाच्या शेवटी हजारो पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर बेकार होते आणि प्रवेशाच्या जागा कमी कराव्या लागल्या. अंदाज दिल्लीत चुकला. शिक्षा मात्र १९६२-६३ मध्ये प्रवेश घेतलेल्या पोराला झाली. नियोजन करणाऱ्यांनी पुढची योजना लिहायला घेतली. त्या पोराचं वय कुठलीच योजना परत देणार नव्हती.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. १९४५च्या डिसेंबरमध्ये धरणगावशेजारी अमळनेरला वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली. सेवायोजन कार्यालयं सुरू झाली तेच वर्ष. त्या वेळी अमळनेरच्या पोराला कोणी प्रामाणिक सल्ला दिला असता तर काय दिला असता? फिटर हो, घाण्यावर लाग. १९८०च्या सुमारास तीच कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. तिचं नाव विप्रो. हे कुठल्या मार्गदर्शकाला, कुठल्या चाचणीला, कुठल्या आठ आकडी क्रमांकाला आधी दिसलं असतं?

१९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी गिरणेकाठी बांभोरीला कॉलेज निघालं. तेव्हापासून आमच्या भागात 'पुढे काय करशी?' या प्रश्नाचं उत्तर परवडणाऱ्या घरांत ठरून गेलं. मार्गदर्शन शेजारचा पोरगा करायचा, जो पुण्याला लागला तो. धरणगावच्या आमच्या आळीत तो पोरगा म्हणजे मी. कार्यालय नाही, पाटी नाही, चुकलो तर जाब विचारणारं कोणी नाही.

रिचर्ड फ्रीमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने सत्तरच्या दशकात इंजिनिअरांच्या बाजाराचा अभ्यास केला. पगार वाढले की पोरं लोंढ्याने प्रवेश घेतात. चार वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात, पगार पडतात, मग प्रवेश घटतात आणि काही वर्षांनी पुन्हा तुटवडा. मी हे मामाला फार गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं. मामा हसला. "हे कापसाचं सांगतोय का?"

बरोबर होतं त्याचं. २०२२च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात खानदेशातल्या घराघरांत, खोल्यांमध्ये छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता, तोच भाव येईल म्हणून. आला नाही. मामाची मधली खोलीही भरली होती. मागच्या वर्षीचा भाव बघून पेरू नये, हे त्याला माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. पोराच्या बाबतीत मात्र त्याने मला विचारलं, कारण त्याला वाटलं की या पिकातलं मला जास्त कळतं. मी त्याला भाव सांगितला. पीक हातात यायला चार वर्षं लागतात आणि तोवर भाव कोणालाच माहीत नसतो, हे मी सांगायला हवं होतं.

मग मार्गदर्शन बंद करावं का? माझ्यासारख्यांच्या घरात तेवढंच असतं. ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या, त्यांना चाचणी लागत नाही, जेवणाच्या ताटावर सगळं कळतं. कल चाचणी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्य मंडळाच्या दहावीच्या पोरांना, खेड्यातल्यांनाही, निदान कोणीतरी पहिल्यांदा विचारलं की तुला काय आवडतं. ती चाचणी खोटी नव्हती. मामेभाऊ तांत्रिकच आहे. 'तांत्रिक' या शब्दात मोटार रिवाइंडिंगही बसतं. मी त्यातलं मला परिचयाचं तेवढं वाचलं. देशाला मनुष्यबळ लागतं हे खरं आहे, आणि जळालेली मोटार पेरणीच्या आत दुरुस्त करणारा माणूस हेसुद्धा मनुष्यबळच आहे. पण त्याच्यावर कोणी भाषण देत नाही.

मामेभाऊ सध्या दिवसा त्याच रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो आणि रात्री अर्ज भरतो. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा, तू काय मुद्दाम केलं का." मला ते जास्त लागलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं की तिथे नक्की काय करतोस. तो वीस मिनिटं बोलला. तांब्याच्या तारेची जाडी, वेढ्यांची मोजणी, लाईटच्या कमीजास्त दाबाने कुठली मोटार आधी जळते, कुठल्या महिन्यात काम नसतं आणि तेव्हा मालक पगार कसा देतो. कल चाचणीच्या अहवालात यातली एक ओळ नव्हती. माझ्या सल्ल्यातही.

जानेवारीत गावातल्या एका शाळेने मला दहावीच्या पोरांसमोर बोलायला बोलावलंय. करिअर मार्गदर्शन शिबिर. माझ्यासोबत कोण निघाले, त्यातले किती कोडिंग करतात, पहिला पगार किती होता आणि मामेभावाच्या वेळी मी काय चुकलो, हे सगळं मी सांगणार आहे. त्यालाही चल म्हटलं. आधी लाजला, मी काय सांगू म्हणाला. मग तयार झाला, एका अटीवर: एक जळालेली मोटार सोबत न्यायची आणि पोरांच्या हातात उघडायला द्यायची.