करासाठी घातलेले विष: स्पिरिटच्या बाटलीचा इतिहास

१/ सुई टोचण्यापूर्वी दंडावर फिरणारा स्पिरिटचा थंडगार बोळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेत या द्रवाला 'रबिंग अल्कोहोल', म्हणजे अंगाला चोळण्याचा मद्यार्क, म्हणतात. तो पिण्यासाठी नसतो. परंतु एका सरकारने अशा मद्यार्कातले विष जाणूनबुजून वाढवले होते. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ दारूत असतो तोच मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, औषधे, अत्तरे, रंग आणि वॉर्निश यांनाही लागतो. दारूवर जबर कर होता आणि कारखानदारांना मद्यार्क स्वस्त हवा होता. ब्रिटनने १८५५ मध्ये तोडगा काढला. नऊ भाग मद्यार्कात एक भाग वुड नॅफ्था मिसळायचा, म्हणजे तो पिण्यालायक राहत नाही, आणि मग त्यावरील कर माफ. हेच 'मिथिलेटेड स्पिरिट'.

३/ अमेरिकेने १९०६ मध्ये असाच कायदा केला. अशा मद्यार्काला 'डिनेचर्ड' म्हणू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे विष जन्माला आले ते आरोग्यासाठी नव्हे, नीतीसाठीही नव्हे. ते महसुलाचे राखणदार होते.

४/ वुड नॅफ्था लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळतो. त्यातील मुख्य घटक मिथेनॉल. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. पिणाऱ्याला आरंभी साधी नशा चढते. अंधत्व किंवा मृत्यू काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतो. हा विलंबच घातक ठरतो.

५/ १७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक बेकायदा ठरली. उद्योगांचा मद्यार्क मात्र बंद करणे अशक्य होते. औषधांच्या दुकानांत रबिंग अल्कोहोलही विकले जातच राहिले. कुंपणाला मोठे भगदाड राहिले ते येथे.

६/ चोरट्या दारूच्या टोळ्यांनी औद्योगिक मद्यार्क पळवला, रसायनतज्ज्ञ पदरी ठेवले आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करून विष काढण्याचा उद्योग मांडला. पण इथेनॉलपासून मिथेनॉल पूर्णपणे वेगळे करणे सोपे नसते. थोडे फार विष मागे राहत असे.

७/ सरकारचे उत्तर काय होते? कूलिज यांच्या कारकिर्दीत, १९२६ च्या अखेरीस, नवे सूत्र जाहीर झाले. औद्योगिक मद्यार्कातील मिथेनॉलचे प्रमाण दुप्पट करायचे, आणि अंमल १९२७ च्या आरंभापासून.

८/ जुने सूत्रही निरुपद्रवी नव्हते. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात विषारी दारूचे साठाहून अधिक रुग्ण आले, काही दगावले. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर गेट्लर अशा मृतदेहांची तपासणी करीत होते. नॉरिस यांनी जाहीरपणे सरकारला जबाबदार धरले.

९/ दारूबंदीच्या चळवळीचे नेते वेन व्हीलर यांचे म्हणणे असे की, निषिद्ध मद्यार्क पिणारा स्वतःच आत्महत्या करतो. सरकारचा त्यात काय दोष? नॉरिस यांचा प्रतिवाद नेमका होता. विष घालून पिणे थांबत नाही, हे सरकारला ठाऊक आहे. श्रीमंतांना तस्करीची चांगली दारू परवडते. मरतो तो गरीब.

१०/ या वादात बाटलीकडे पाहावे. कारखान्यातून निघणाऱ्या पिंपावर विषाची सूचना असे. पण पिणाऱ्यापर्यंत माल पोहोचेतो बाटली बदललेली असे. ती सूचना वाचून सावध होण्याची संधी ज्याला हवी होती, त्याच्याच हाती ती येत नव्हती. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली.

११/ दरम्यान रसायनशास्त्राने वेगळी वाट काढली. १९२० मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने खनिज तेलाच्या शुद्धीकरणातील वायूपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल बनवले. आजचे रबिंग अल्कोहोल बहुधा याचेच, सुमारे ७० टक्के. उरलेले पाणी ही भेसळ नव्हे. पाण्यामुळे जंतूंची प्रथिने नीट नष्ट होतात आणि द्रव लगेच उडून जात नाही. तरीही जिवाणूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत.

१२/ यात मिथेनॉल नसले तरी हेही पेय नव्हे. इथेनॉलहून त्याची गुंगी अधिक तीव्र. शरीरात त्याचे ॲसिटोन बनते. ताप उतरवण्यासाठी मुलांचे अंग याने पुसण्याची रीत अमेरिकेत होती. बंद खोलीत वाफ श्वासातून जाऊन मुले बेशुद्ध पडल्याच्या नोंदी १९५० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. शिवाय ज्वालेजवळ ते चटकन पेट घेते.

१३/ हाच पेच आपल्याकडे न्यायालयात पोहोचला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेला कोणताही द्रव 'मद्य' ठरत होता. औषध आणि ओ-डी-कोलोनसुद्धा! एफ. एन. बलसारा या मुंबईकराने त्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मान्य केली. मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या द्रवांवरील तिचा अंमल रद्द केला.

१४/ पुढची उदाहरणे जवळची आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारू मिळेना, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे काहींनी सॅनिटायझर प्यायले आणि प्राण गमावले. दोन्हीकडे बळी प्रामुख्याने हातावर पोट असलेल्यांचे.

१५/ दारूबंदी योग्य की अयोग्य, हा वाद स्वतंत्र आहे. पण जे विष धाक म्हणून घातले जाते, ते पिणाऱ्याचा हेतू तपासत नाही. त्याच्या खिशात चांगली दारू घेण्याइतके पैसे आहेत की नाहीत, एवढेच जणू तपासते. धोरण आखणाऱ्यांना हे १९२६ मध्येच सांगितले गेले होते.

१६/ शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अशा प्यायलेल्या माणसाला धूसर दिसू लागले, पोटात दुखू लागले किंवा धाप लागली, तर 'उतरेल' म्हणून झोपवू नका. तत्काळ रुग्णालयात न्या. वेळेवर पोहोचल्यास मिथेनॉलच्या विषबाधेवर उपचार आहेत. थ्रेड उपयुक्त वाटल्यास अवश्य पुढे पाठवा. (समाप्त)