चहाची वेळ : पश्चिम हिंदुस्थानांतील कांहीं नोंदींचा विचार

दुपारीं हातांतील काम बाजूस ठेवून घटकाभर चहास बसणें हा प्रघात महाराष्ट्रांत इतका रुळला आहे कीं, त्यास कांहीं इतिहास असेल ही शंकाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जी गोष्ट सर्वांच्या नित्याची, तिची नोंद कोणी करीत नाहीं. आणि नोंद नसली म्हणजे ती पूर्वापार चालत आली असा समज होतो. उपलब्ध साधनें पाहतां मात्र असें दिसतें कीं, चहाचें पान आलें म्हणून त्याबरोबर चहाची वेळ आली नाहीं. पान, विसावा व सोबत या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या वाटांनीं व निरनिराळ्या काळीं आल्या. त्या एकत्र झाल्या तेव्हां आजचा प्रघात सिद्ध झाला. हेंच येथें थोडक्यांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम पानाचा विचार करूं. होल्स्टाइनच्या वकिलातीबरोबर इराणांत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो हा १६३८ सालीं सुरतेस उतरला. तेथील इंग्रजांच्या वखारींत रोज मंडळी जमत व त्या बैठकींत चहा घेत, असें त्याच्या प्रवासवृत्तांत आहे. कोठा साफ करणारें औषध म्हणून एतद्देशीय, डच व इंग्रज असे सर्वच चहा घेतात, असेंही तेथें म्हटलें आहे. या ग्रंथांत संपादकांनीं व भाषांतरकारांनीं मागाहून पुष्कळ भर घातली असल्यामुळें त्यांतील प्रत्येक वाक्य मांडेल्स्लोचें म्हणून घेतां येत नाहीं. शिवाय बंदरावर पाहिलेली चाल सर्व हिंदुस्थानास लावण्याची खोड त्या काळच्या बहुतेक प्रवाशांस होती. तेव्हां हें विधान सुरतेपुरतें समजणें बरें.

सुरतेपुरतें मात्र त्यास दुसरा आधार मिळतो. १६८९ सालीं इंग्लंडहून निघालेला पाद्री ओव्हिंग्टन याचा सुरतेचा प्रवासग्रंथ १६९६ सालीं छापला गेला. वाणी लोक चहांत खडीसाखर किंवा मुरविलेलीं लहान लिंबें घालीत, आणि डोकेदुखी, मुतखडा व पोटांतील मुरडा यांवर गरम मसाला घालून तो घेत, असें त्यानें लिहिलें आहे. डच लोकांविषयीं तो सांगतो कीं, आल्यागेल्याच्या आदरासाठीं त्यांची चहाची किटली चुलीवरून क्वचितच उतरे. एकाच गांवांत, एकाच काळीं, तेंच पान एका घरीं काढा होता व दुसऱ्या घरीं पाहुणचार होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मराठींतील ‘चहा’ हा शब्द फारसी ‘चाय’पेक्षां पोर्तुगीज ‘चा’ यास अधिक जवळचा वाटतो. त्यावरूनही या पानाची आपल्याकडील वाट समुद्रावरून आली असावी असें अनुमान होतें.

हें सर्व पान चीनचें, अर्थात् महाग. आसामांतील चहाच्या पहिल्या ८ पेट्यांचा लिलांव १० जानेवारी १८३९ रोजीं लंडनांत झाला व त्याच सालीं आसाम कंपनी निघाली. परंतु हा मालही मुख्यतः परदेशासाठींच होता. पुढें १९०३ च्या कायद्यानें निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला व त्याच्या उत्पन्नांतून चहाचा प्रसार करण्याचें काम सुरू झालें. त्यानंतर देशांतील गिऱ्हाइकाकडेही मळेवाल्यांचें लक्ष हळूहळू वळलें.

पान स्वस्त झालें तरी तें घेण्यास वेळ हवा. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरास तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८८४ सालीं मजुरांनीं जी मागणी केली, तींत आठवड्यास एक सुटी व दुपारीं अर्ध्या तासाचा विसावा हीं दोन कलमें होतीं. रविवारची सुटी १८९० च्या जूनांत मान्य झाली. दुपारच्या विसाव्यासंबंधानें पुढें निरनिराळे कायदे होत गेले. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सलग ५ तासांहून अधिक काम न घेतां निदान अर्धा तास विसावा द्यावा असें ठरविलें. सुखवस्तु माणसाचा विसावा आपोआप आला असेल. श्रमजीवी माणसास तो मागून घ्यावा लागला.

तिसरी गोष्ट सोबतीची. पेशवाईंत पाहुण्याचा मान विडा, अत्तर व गुलाब यांनीं होई. विड्यास उकळलेलें पाणी लागत नाहीं. म्हणून भिन्न जातींचीं माणसें एका बैठकींत पानसुपारी घेऊं शकत. चहाची गोष्ट तशी नव्हती. त्यांत पाणी आलें, आणि पाण्याबरोबर तें देणारा हात आला. १८९० च्या ऑक्टोबरांत, म्हणजे मुंबईस रविवारची सुटी मिळाली त्याच वर्षीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं. चाळीसांहून अधिक गृहस्थांच्या त्या यादींत न्यायमूर्ति रानडे व टिळक होते. ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व चौकशी झाली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असें टिळकांनीं दाखविलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. वाद पानाचा नव्हता. कोणाच्या हातचा पेला कोणाबरोबर घ्यावा याचा होता. आज कोणाही परिचितास ‘चहा घेऊन जा’ असें आपण सहज म्हणतों. त्या सहजपणाची किंमत एका पिढीनें अशी मोजली आहे.

वरील टिपणांतील बहुतेक पुरावा परकीय प्रवाशांचा, कायद्यांचा किंवा भांडणांचा आहे. ज्या घरांत मुकाट्यानें चहा शिरला, त्या घरांची साक्ष त्यांत नाहीं. ती मिळण्याचें ठिकाण म्हणजे घरगुती जमाखर्च. आमच्या संग्राहक मित्रांची दृष्टि सनदा, तह व मोठ्यांचीं पत्रें यांकडे असते. किराण्याची यादी अगर रोजकीर्द हातीं आली कीं ती रद्दींत जाते. रुमालांतून हे कागद निराळे काढून टाकूं नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. १८५० नंतरच्या कोणत्याही मोडी अगर बाळबोध कीर्दींत चहाची बाब आढळल्यास तिची तिथि, किंमत व वजन तर टिपून घ्यावेंच. पण त्याहूनही, ती कोणत्या सदरांत पडली आहे हें पाहावें. औषधाच्या सदरांतून चहा किराण्यांत कधीं आला आणि किराण्यांतून पाहुणचारांत कधीं गेला, हें शंभर घरांच्या वह्यांवरून समजलें, तर आपल्या समाजानें निवांत बसावयास केव्हां व कोणाबरोबर आरंभ केला हें सांगतां येईल. राज्यांच्या घडामोडी पुष्कळ ठिकाणीं लिहिलेल्या आहेत. विसाव्याचा इतिहास या वह्यांतच आहे, आणि त्या गेल्या म्हणजे तोही गेला.