एन्झाइम मोजताना आपण नक्की काय मोजतो?

क्वांटम डॉटचे सेन्सर वापरणाऱ्या प्रबंधांतला इतिहास बहुतेक वेळा 1998 पासून सुरू होतो. त्या वर्षी ‘सायन्स’ मासिकाच्या एकाच अंकात, पाण्यात टिकणारे क्वांटम डॉट जैविक कामासाठी वापरणारे दोन शोधनिबंध आले. मला विचाराल तर सुरुवात 1913 पासून करावी.

बर्लिनमध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन साखरेचं विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेजचा वेग मोजत होते. साधन होतं पोलॅरिमीटर. अडचण अशी की सुटा झालेला ग्लुकोज लगेच स्थिर होत नाही, त्याचं प्रकाश-वलन काही काळ आपोआप बदलत राहतं. म्हणजे काट्यावर दिसणारा बदल थोडा एन्झाइमचा, थोडा ग्लुकोजचा. त्यांनी नमुन्यात अल्कली घातली. त्याने एन्झाइम थांबला, ग्लुकोजही पटकन स्थिरावला, आणि मग वाचन घेतलं. समीकरण सगळे पाठ करतात, ही युक्ती मात्र कुणी सांगत नाही!

फ्लुरोसन्सच्या बाजूने पाया घातला फोर्स्टरने, 1940 च्या दशकात. दोन रंगद्रव्यं जवळ असली की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि अंतराच्या सहाव्या घाताने घटते. 1967 मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी याचीच रेणूंसाठी ‘पट्टी’ केली. 1990 मध्ये एचआयव्हीच्या प्रोटीएजसाठी एक पेप्टाइड तयार झालं: एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला चमक दाबणारा. एन्झाइमने पेप्टाइड कापलं की उजेड.

2006 मध्ये मेडिंट्झ आणि सहकाऱ्यांनी अशी पेप्टाइडं क्वांटम डॉटवर बसवली. फायदा उघड आहे, एका डॉटभोवती अनेक पेप्टाइडं बसतात. पण गोम इथेच आहे.

समजा अंतर फोर्स्टर-अंतराइतकंच आहे. 8 पेप्टाइडं असताना ऊर्जेचा 8/9 भाग निघून जातो, डॉटची चमक उरते सुमारे 11 टक्के. निम्मी पेप्टाइडं कापली गेली, 4 राहिली, तर चमक 20 टक्के. म्हणजे काम 50 टक्के झालं, पण सिग्नल एकूण शक्य वाढीच्या जेमतेम दहाव्या भागाने वाढला. चमक थेट ‘वेग’ म्हणून आलेखावर टाकली तर सुरुवातीचा वेग पार चुकणार. म्हणून त्या गटाने आधी पेप्टाइडांची संख्या बदलून अंशांकनाचा वक्र काढला आणि त्यावरून वेग मोजला. कष्टाचं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढे 2012 मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अल्गर आणि सहकाऱ्यांच्या मोजमापांत ट्रिप्सिन एक पेप्टाइड कापून लगेच द्रावणात परतत नव्हता, तर त्याच डॉटवरची शेजारची पेप्टाइडंही कापत होता. अशा वेळी सबस्ट्रेटची संहती कशाची धरायची, पेप्टाइडची की डॉटची? दोन्ही धरून मिळणारे मायकेलिस-स्थिरांक वेगळे येतात. त्यामुळे एखाद्या निबंधात ‘आमच्या सेन्सरवर एन्झाइम जास्त वेगवान’ असं वाचलंत, तर आधी आलेखाच्या आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा.