भारतरत्न: एक रिकामा रकाना

दर जानेवारीत आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. यंदा भारतरत्न कोणाला? सचिनच्या वेळी तर आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. अमुकला दिलं म्हणजे तमुकला का नाही, हा आपला राष्ट्रीय छंदच आहे म्हणा ना! पण मंडळी, या वादात हा सन्मान मुळात कशासाठी सुरू झाला हे कुणी फारसं विचारत नाही. आमच्या धंद्यात सिस्टीम विचित्र वागायला लागली की आधी मूळ स्पेसिफिकेशन उघडतात. तर तेच उघडूया.

२ जानेवारी १९५४. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने भारतरत्न सुरू केल्याची अधिसूचना काढली. निकष दोनच: कला, साहित्य आणि विज्ञान यांच्या विकासासाठी असाधारण सेवा, आणि सर्वोच्च दर्जाची लोकसेवा. राजकारणी आणि समाजसेवक लोकसेवेत आले. पण क्रम बघा. कला, साहित्य, विज्ञान आधी, लोकसेवा नंतर.

आता डेटा बघू. विज्ञानाचा रकाना पहिल्याच वर्षी भरला, १९५४ मध्ये सर सी. व्ही. रामन. कलेला बराच वेळ लागला. १९८८ साली एम. जी. रामचंद्रन यांना मरणोत्तर मिळालं, पण ते सिनेनट असले तरी मुख्यमंत्रीही होते. निखळ कलावंत म्हणून पहिलं नाव सत्यजित राय यांचं, १९९२ साली. म्हणजे ३८ वर्षांनी! मग मात्र रांग लागली. १९९८ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी, १९९९ मध्ये रविशंकर, २००१ मध्ये लता मंगेशकर आणि बिस्मिल्ला खाँ, पुढे पंडित भीमसेन जोशी आणि २०१९ मध्ये भूपेन हजारिका.

आणि साहित्य? २०२४ पर्यंत ५३ जणांना भारतरत्न मिळालं. त्यात कवी, कादंबरीकार किंवा नाटककार म्हणून सन्मानित झालेला एकही माणूस नाही. शून्य.

थांबा, लगेच हरकत घेऊ नका. लिहिणारी माणसं या यादीत भरपूर आहेत. राजाजींनी तमिळमध्ये रामायण लिहिलं, विनोबांनी गीताई लिहिली, वाजपेयी कविता करायचे. २०२४ मध्ये मरणोत्तर सन्मान मिळालेल्या नरसिंह राव यांनी तर आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद केला होता. (हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो!) पण ही सगळी मोठी झाली ती वेगळ्या कामामुळे. साहित्य त्यांच्याकडे होतं ते जोडीला.

साहित्याच्या सगळ्यात जवळ जाणारं नाव बहुधा आपलंच आहे: महामहोपाध्याय पां. वा. काणे, भारतरत्न १९६३. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, ३० वर्षांहून जास्त काळ चाललेलं काम, साडेसहा हजारांवर पानं. आपण दोन वर्षं चाललेल्या प्रोजेक्टला कंटाळतो! पण काणे संशोधक, ललित लेखक नव्हेत. आणि गंमत म्हणजे हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. मला वाटतं, उत्तराचा धागा इथेच आहे.

एक कारण नेहमी सांगतात की साहित्याला साहित्य अकादमी आहेच. खरंय, तिचं उद्घाटनही १९५४ सालचंच, १२ मार्चचं. पण संगीत-नाटकालाही १९५३ पासून स्वतःची अकादमी आहे. त्यामुळे रविशंकर आणि लताबाई अडल्या नाहीत. दुसरं कारण सांगतात, थोर लेखक आधीच वारले होते. हेही टिकत नाही. १९५५ पासून मरणोत्तर सन्मान देता येतो. १९४६ साली गेलेल्या मदनमोहन मालवीयांना तो २०१५ मध्ये मिळाला. १९४१ साली गेलेले रवींद्रनाथ, ज्यांचं गीत आपण राष्ट्रगीत म्हणून उभं राहून म्हणतो, ते मात्र यादीत नाहीत.

खरं कारण मला साधं वाटतं. सूर भाषेची हद्द ओलांडतो, ओळ ओलांडत नाही. आमच्या टीममध्ये सहा भाषांची माणसं आहेत. लताबाईंचं नाव सगळ्यांना माहीत, कुसुमाग्रजांचं फक्त आम्हा तिघांना. उलट बाजूही तशीच. धारवाडचे द. रा. बेंद्रे हे कन्नडचे ज्ञानपीठ मिळालेले थोर कवी, त्यांच्या घरची भाषा मराठी. आपल्यापैकी किती जणांनी त्यांची एक तरी कविता वाचलीय? दिल्लीत बसून नाव सुचवणारा पंतप्रधान (शिफारस तेच करतात) कुठल्याही पक्षाचा असो, तोही आपल्यासारखाच एकदोन भाषांतला वाचक. ज्याला सगळा देश ओळखतो त्यालाच देशाचा सन्मान मिळणार, आणि लेखकाला सगळा देश ओळखत नाही.

२०११ मध्ये सरकारने निकष बदलला. आता ‘मानवी प्रयत्नांचं कोणतंही क्षेत्र’ चालतं. त्यामुळे २०१४ मध्ये सचिनला भारतरत्न मिळू शकलं, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण त्या बदलात ‘साहित्य’ हा शब्द निकषातून गेला. ५७ वर्षं रिकामा राहिलेला रकाना भरायच्या आधीच फॉर्मवरून काढून टाकला. कुणी बग रिपोर्टसुद्धा केला नाही.

पदकाने लेखक मोठा होत नाही हे मलाही कळतं. पण एका भाषेतलं मोठेपण दुसऱ्या भाषेत पोचवायची सोय आपण ७० वर्षांत उभी केली नाही, हे तो रकाना सांगतो. ती सोय म्हणजे अनुवाद. तेलुगू वाचकापर्यंत हरिभाऊ पोचले ते कुठल्या पदकामुळे नाही, एका माणसाने बसून पानं उलथी केली म्हणून.

तेव्हा पुढच्या जानेवारीत वाद घालायच्या आधी दुसऱ्या भारतीय भाषेतलं एक पुस्तक मराठीत आणून वाचा. मी बेंद्र्यांपासून सुरुवात करतोय. तुम्ही?