इंजिनाच्या अंगावरचा आकडा

आजचा विषय आहे रेल्वेची विजेवर चालणारी प्रवासी इंजिनं आणि त्यांच्या मागावर असणारी हौशी माणसं. पण सुरुवात रणगाड्यापासून करतो. फौजी माणूस आहे, एवढी सवलत द्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो, हे दोस्त राष्ट्रांना कळायला हवं होतं. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०. दुसरीकडे काही संख्याशास्त्रज्ञ हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक मांडून बसले होते. त्यांचं उत्तर आलं ३२७. युद्ध संपलं, जर्मन कागदपत्रं मिळाली, तेव्हा खरा आकडा निघाला ३४२. हेरांना जमलं नाही ते लोखंडावरच्या आकड्यांनी सांगितलं.

आपल्याकडचे रेल्वेप्रेमी नेमकं हेच करतात, फक्त उघडपणे. बंगाल-झारखंडच्या सीमेवर चित्तरंजनचा कारखाना आहे. तिथून नवं इंजिन निघालं की ते कधी दुसऱ्या इंजिनाला जोडून, पेंटोग्राफ खाली ठेवून, बंद अवस्थेत येतं. कधी स्वतःच गाडी ओढत आपल्या शेडकडे जातं. अंगावर ताजा रंग, ठळक पाच आकडी नंबर आणि शेडचं नाव: गाझियाबाद, लालागुडा, रोयापुरम, अजनी, कल्याण. कुणी आसनसोलला फोटो काढतो, कुणी नागपूरला ओळखतो. नंबर, शेड, तारीख, पहिल्यांदा कुठली गाडी ओढली, एवढीच नोंद. बघणाऱ्याला वाटतं, काय हा रिकामपणाचा उद्योग! पण अशा नोंदी वर्षानुवर्षं एकाखाली एक लावल्या की त्यातून इतिहास दिसायला लागतो. कसा, ते पाहू.

आधी नावांची फोड करतो. डब्ल्यूएपी म्हणजे डब्ल्यू ब्रॉडगेजचा, ए एसी विजेचा आणि पी पॅसेंजरचा. मालगाडीचं असेल तर पीच्या जागी जी.

चित्तरंजनला पहिलं विजेचं इंजिन तयार झालं १९६१ साली. ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ते रवाना झालं. त्याचं नाव ‘लोकमान्य’. मुंबईकडच्या १५०० व्होल्ट डीसी मार्गांसाठी बनवलेलं हे इंजिन. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी पसरली, तशी इंजिनं बदलत गेली. डब्ल्यूएपी-४ हे त्यातलं भरवशाचं, राजधानीपासून साध्या एक्स्प्रेसपर्यंत सगळं ओढणारं.

१९९३ साली रेल्वेने एबीबी या युरोपीय कंपनीशी करार केला. इंजिनं तर घ्यायचीच, सोबत ती बनवण्याची विद्याही घ्यायची. १९९५ मध्ये डब्ल्यूएपी-५ स्वित्झर्लंडहून आलं, नंबर ३०००० पासून पुढे. त्यात थ्री-फेज मोटर होती. जुन्या डीसी मोटरसारखे झिजणारे कार्बन ब्रश तिला नाहीत, म्हणून देखभाल कमी. शिवाय ब्रेक लावताना हीच मोटर वीज निर्माण करते आणि ती वर तारेत परत जाते. २००० साली चित्तरंजनने स्वतः बनवलेलं डब्ल्यूएपी-५ बाहेर काढलं, ३००११ ‘नवोदित’. त्याच वर्षी सहा हजारांवर अश्वशक्तीचं डब्ल्यूएपी-७ आलं, ३०२०१ ‘नवकिरण’.

आता मी तुम्हाला विचारतो, हे तंत्रज्ञान भारतात आलं कधी? करार झाला तेव्हा, १९९३ ला? पहिली यंत्रं उतरली तेव्हा, १९९५ ला? की ‘नवकिरण’ निघालं तेव्हा, २००० ला? भाषणांत आणि कोनशिलांवर यातलीच एखादी तारीख सापडते. रेल्वेप्रेमींची यादी मात्र चौथं उत्तर देते.

कारण २००० नंतरही चित्तरंजनहून डब्ल्यूएपी-४ निघतच राहिलं. जुन्या आणि नव्या विद्येची इंजिनं एकाच कारखान्यातून, एकाच काळात. नवं महाग होतं, त्यातला बराच इलेक्ट्रॉनिक माल बाहेरून यायचा आणि ते सांभाळायला शेडमधल्या कारागिरांना नव्याने शिकावं लागत होतं. शेवटचं डब्ल्यूएपी-४ बाहेर पडलं २०१५ मध्ये. म्हणजे पहिल्या ‘नवकिरण’नंतर तब्बल १५ वर्षांनी. माझ्या मते तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने आलं ते तेव्हा, जेव्हा कारखान्याला जुन्याची गरज उरली नाही. फौजेतही नवी तोफ संचलनात दिसते तो दिवस वेगळा, आणि सगळ्या पलटणींच्या हाती ती सरावाची होते तो दिवस वेगळा.

त्यानंतरचा वेग नंबरच सांगतात. डब्ल्यूएपी-७ ला ३० हजारांतली जागा पुरेना, ३७ हजारांची नवी मालिका काढावी लागली. डिझेल इंजिनांसाठी ओळखले जाणारे वाराणसी आणि पतियाळाचे कारखानेही विजेची इंजिनं बनवू लागले. २०२४-२५ या एका वर्षात एकट्या चित्तरंजनने ७०० इंजिनं काढली.

मुंबईकरांसाठी या यादीत एक खास नोंद आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबईत २०१५ पर्यंत डीसी वीज होती, त्यामुळे नुसतं एसीवर चालणारं इंजिन स्वतःच्या ताकदीवर सीएसटीला पोचूच शकत नव्हतं. दोन्ही विजांवर चालणारी वेगळी इंजिनं तिथे लागत. डीसी गेली आणि डब्ल्यूएपी-७ बोरीबंदरला लागायला लागलं. ‘लोकमान्य’ ज्या विजेसाठी बनलं, ती वीजच तिथून गेली.

सरकारी दप्तरात उत्पादनाचे आकडे असतात, वर्षाची बेरीज असते. पण अमुक इंजिन पहिल्या दिवशी कुठे होतं, कुठल्या शेडला मिळालं, कुठून कुठे बदली झाली, कधी भंगारात गेलं, हे एकेका यंत्राचं चरित्र बहुतेक वेळा या हौशी वह्यांतच सापडतं. पलटणीच्या इतिहासात जसा प्रत्येक जवानाचा नंबर असतो, तसं. ‘आत्मनिर्भर’ हा शब्द आपण रोज ऐकतो. तो कुठवर खरा झाला हे तपासायचं तर घोषणेची तारीख सोडा आणि अशी यादी मागा.

तेव्हा पुढच्या वेळी गाडीची वाट बघत फलाटावर उभे असाल, तर इंजिनाचा नंबर आणि शेड वाचा. घरात एखादा मुलगा किंवा मुलगी असे नंबर लिहून ठेवत असेल, तर हसू नका. एक जाड वही आणून द्या आणि तारीख घालायला विसरू नकोस, एवढं सांगा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.