भट्टीची गार बाजू

दारूच्या भट्टीविषयी लिहिताना बहुतेकजण विस्तवापासून सुरुवात करतात. गोव्यातील काजूच्या भट्ट्या पाहून आणि उत्खननांविषयीचे लेखन वाचून माझे मत उलट झाले आहे. रस तापवणे सोपे. निघालेली वाफ पुन्हा द्रवरूपात आणणे अवघड. घरगुती भट्टीतली खरी सुधारणा या गार बाजूला झाली.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. त्याच्या बोंडांचा रस काही दिवस आंबवून ‘भाण’ या मोठ्या भांड्यात तापवतात. अल्कोहोल सुमारे ७८ अंशांवर उकळते, पाणी १०० अंशांवर. त्यामुळे वाफेत अल्कोहोलचे प्रमाण रसापेक्षा जास्त असते. ही वाफ नळीतून ‘लवणी’ या मडक्यात जाते. सांधे वारुळाच्या मातीने लिंपलेले असतात. लवणीवर एकजण सतत गार पाणी ओततो. पहिल्यांदा गाळून मिळते ते सौम्य पेय हुर्राक. नव्या रसात मिसळून ते पुन्हा गाळले की फेणी.

ही रचना एकट्या गोव्याची नाही. गांधार प्रदेशात तक्षशिला आणि चारसद्दाजवळील शैखान ढेरी येथे सापडलेली मातीची भांडी ऊर्ध्वपातनाची असावीत, असे एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यांतून मद्यच गाळले जाई का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कनौजचे अत्तरवाले आजही देगेतली वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरवतात. या तिघांची एकच वंशावळ आहे, असा माझा दावा नाही. अडचण एकच होती, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

पुढे गोव्यात मातीच्या भाणाऐवजी तांब्याचे आले. लवणीऐवजी पाण्याच्या टाकीत बुडवलेली वेटोळी नळी आली. पाणी ओतणाऱ्याचे कष्ट वाचले, वाफही कमी वाया जाऊ लागली. मात्र मडके किती तापू द्यायचे, पाणी केव्हा वाढवायचे, हे हाताला कळणारे ज्ञान त्या माणसाबरोबरच भट्टीवरून उठले.

मुंबई इलाख्यात हे ज्ञान वेगळ्या वाटेने गेले. १८७८च्या अबकारी कायद्याने विनापरवाना दारू गाळणेच नव्हे, तर त्याची साधने बाळगणेही गुन्हा ठरवले. मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासी घरातले मडके मुद्देमाल झाले. मुद्देमालाची नोंद होते. तो कसा वापरायचा याची होत नाही.

२००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण लाभले, हे चांगलेच. पण संग्रहालयात लवणी ठेवून काम भागणार नाही. तिच्याशेजारी बसून पाणी ओतलेली माणसे अजून आहेत. मडक्याचे माप घेण्याआधी त्यांचे बोलणे लिहून घेतले पाहिजे.